मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेळ मात्र बदलता

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आहे, अशी घरे आता केवळ मुंबई-पुण्यातच आढळतात असे नाही. सांगली, नाशिक, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशा शहरांतूनही दरवर्षी अनेक आईवडील बाळंतपणासाठी, नातवंडांच्या मुंजीसाठी किंवा नुसत्या भेटीसाठी अमेरिकेची वाट धरतात. त्यांपैकी पुष्कळांचे पहिले गंतव्यस्थान न्यूयॉर्क हे असते, कारण लगतच्या न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. प्रवासाची तयारी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुंबईहून न्यूयॉर्कला पोहोचायला किती वेळ लागतो?

या प्रश्नाची उत्तरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी चौदा तास सांगतो, कोणी सोळा, तर कोणी चोवीस. तिकिटावर छापलेल्या वेळांची वजाबाकी केली तर कधी कधी अवघे साडेपाच तास उरतात. विशेष म्हणजे यांतील एकही उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो, इतकेच. दोन विमानतळांमधील अंतर कायम असते, वेळ मात्र वारा, खुली वा बंद हवाई हद्द, घड्याळ आणि जमिनीवरील खोळंबा या चार गोष्टींवर ठरतो. हे चार घटक समजून घेतल्यास प्रवासाचे नियोजन तर सोपे होतेच, पण अडीअडचणीच्या प्रसंगी घरच्यांना नेमकी वेळ सांगणेही शक्य होते.

नेमके अंतर किती?

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचे जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मैलांत ते सुमारे ७,७९०, तर वैमानिकांच्या नॉटिकल मैलांत सुमारे ६,७६५ भरते. न्यूयॉर्क महानगरासाठी वापरले जाणारे दुसरे मोठे विमानतळ म्हणजे न्यू जर्सीतील नेवार्क. तेथपर्यंतचे अंतरही जवळपास इतकेच आहे. त्यामुळे या दोहोंपैकी कोठे उतरावे हे अंतरावर नव्हे, तर नातेवाईक कोठे राहतात यावर ठरवावे.

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा प्रवासी एका दमात पृथ्वीच्या परिघाच्या जवळपास एक तृतीयांश एवढे अंतर कापतो.

भिंतीवरचा नकाशा फसवतो

शाळेतील भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन बिंदूंना पट्टीने जोडले, तर रेषा अरबी समुद्र, अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. हा मार्ग सरळ दिसत असला तरी तो जवळचा नाही. त्या रेषेने गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर उडावे लागेल. म्हणजे साडेसोळाशे किलोमीटरहून अधिक फेरा पडेल. याचे कारण असे, की गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना अंतरे ताणली जातात.

खरा जवळचा मार्ग पाहायचा असेल तर पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. भूगोलाच्या परिभाषेत या मार्गास बृहद्वृत्त म्हणतात. मुंबईहून निघालेला हा दोरा पश्चिमेला न वळता बराचसा उत्तरेकडे झुकतो. कच्छच्या रणावरून तो पाकिस्तानातील सिंध व बलुचिस्तानकडे, तेथून अफगाणिस्तानातील कंदाहारच्या परिसरावरून तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानकडे जातो. पुढे रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड आणि नॉर्वे ओलांडत तो आइसलंडवर पोहोचतो. या टप्प्यावर तो उत्तर ध्रुववृत्ताच्या फार दूर नसतो. जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशाला स्पर्श करतो. मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कॅनडातील लॅब्राडोर आणि अमेरिकेतील मेन राज्यावरून खाली उतरत तो न्यूयॉर्कला भिडतो.

उन्हाने तापलेल्या मुंबईतून निघालेल्या प्रवाशाला आसनासमोरच्या पडद्यावर ग्रीनलंड का दिसते, याचे उत्तर या दोऱ्यात आहे. मार्गावरील देशांची ही यादी लक्षात ठेवावी. तिचा संदर्भ पुढे येणार आहे.

बारा वर्षे नव्हे, साठ वर्षे

आज थेट विमान ही सहज गोष्ट वाटते. परंतु इथवर येण्यास बराच काळ लागला. एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले. 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाच्या साहाय्याने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही वाटेत थांबे घेतच. न थांबता एवढे अंतर कापू शकणारी विमाने पुढील चार दशके या मार्गाला मिळाली नाहीत.

थेट सेवेचे युग सुरू झाले ते २१ व्या शतकात. नोव्हेंबर २००६ मध्ये डेल्टा या अमेरिकी कंपनीने न्यूयॉर्क-मुंबई विनाथांबा उड्डाण सुरू केले, तर ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने बोइंग ७७७-२०० एलआर या विमानाने मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवेस प्रारंभ केला. या विमानाची क्षमता नोव्हेंबर २००५ मधील एका विक्रमातून जगापुढे आली होती. हाँगकाँगहून पूर्वेकडे निघालेले हे विमान प्रशांत महासागर, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून २१,६०२ किलोमीटरनंतर लंडनला उतरले, तेही वाटेत कोठेही न थांबता, २२ तास ४२ मिनिटांत.

अर्थात एवढ्या लांब उड्डाणाची किंमत इंधनात मोजावी लागते. या जातीच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते. टाक्या पूर्ण भरल्या तर उड्डाणाच्या वेळी विमानाच्या कमाल वजनातील सुमारे ४० टक्के भाग केवळ इंधनाचा असतो. साहजिकच सुरुवातीच्या तासांत विमान बरेचसे इंधन केवळ उरलेले इंधन वाहून नेण्यासाठी जाळत असते. अशा उड्डाणांवर दोनाऐवजी चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने विश्रांती घेतात.

जाताना सोळा, येताना साडेचौदा

मोठे जेट विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १२,५३० किलोमीटरला या वेगाने भागले तर सुमारे १४ तास येतात. कित्येक संकेतस्थळांवर दिसणारा आकडा असा साध्या भागाकाराने काढलेला असतो. प्रत्यक्षात मात्र मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण १६ तास आणि परत येताना साधारण साडेचौदा ते पंधरा तास लागतात.

या फरकाचे मुख्य कारण वारा हे आहे. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग अनेकदा ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात. न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या विमानाला ते समोरून अडवतात, मुंबईकडे येणाऱ्याला पाठीमागून ढकलतात.

संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आहे असे मानू. विमानाचा जमिनीच्या सापेक्ष वेग ८४० होईल आणि तेवढ्याच अंतराला १४ तास ५५ मिनिटे लागतील. तोच वारा पाठीमागून असेल तर वेग ९६० होईल आणि १३ तास ३ मिनिटांत काम भागेल. नुसत्या वाऱ्याने जवळपास दोन तासांचा फरक पडतो. म्हणूनच जातानाचा आणि येतानाचा मार्ग बहुधा एकच नसतो. उत्तर अटलांटिकवरील मार्गरेषा तर वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा नव्याने आखल्या जातात.

यात आणखी एक भर पडते. वेळापत्रकातील वेळ विमान हवेत असल्याचा नसून, एका विमानतळावरील फलाटासारख्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागी उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाची रांग, उतरण्यापूर्वी आकाशात मारलेल्या घिरट्या हे सारे त्यात येते. मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन्ही अतिशय गजबजलेली विमानतळे असल्याने हा वेळ उपेक्षणीय नाही.

बंद हवाई हद्दीचा फेरा

जवळच्या मार्गावरील देशांची यादी आता पुन्हा डोळ्यांपुढे आणावी : पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया. गेल्या काही वर्षांत या मार्गाचा एकेक तुकडा कोणा ना कोणासाठी बंद होत गेला.

बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती १६ जुलै २०१९ रोजी पूर्ववत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये इराणने अमेरिकेचे मानवरहित विमान पाडल्यानंतर युनायटेड या कंपनीने नेवार्क-मुंबई सेवा स्थगित केली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्तांतर झाल्यावर बहुतेक कंपन्यांनी अफगाणिस्तानवरून उडणे टाळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले आणि रशियाचे आकाश अमेरिकी, ब्रिटिश व युरोपीय महासंघातील कंपन्यांना बंद झाले. भारतीय विमानांना मात्र ते खुले राहिले. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. भारताने ३० एप्रिलला तसेच पाऊल उचलले आणि ही बंदी पुढे महिन्यामागून महिना वाढवण्यात आली. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष भडकल्यावर आखाती देशांवरील आकाशही काही काळ बंद झाले, तेव्हा एअर इंडियाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची उड्डाणे तात्पुरती थांबवावी लागली होती.

यातून प्रवाशाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांचे मार्ग वेगळे असू शकतात, कारण कोणाला कोणते आकाश खुले आहे हे विमानाच्या राष्ट्रीयत्वावर अवलंबून असते. त्यामुळे गतवर्षी आलेल्या शेजाऱ्याचा अनुभव यंदा लागू पडेलच असे नाही. तिकीट काढताना त्या महिन्याचे वेळापत्रक आणि वाटेत इंधनासाठी थांबा आहे काय, हे पाहून घ्यावे. इंधनाचा थांबा कागदावर तासाभराचा दिसला तरी उतरणे, इंधन भरणे आणि पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळणे यांत दीड-दोन तास सहज जातात.

थांबा घेतल्यास अंतर किती वाढते?

थेट विमान न मिळाल्यास 'फार लांबून जावे लागेल' अशी भीती अनेकांना वाटते. ही भीती किलोमीटरच्या बाबतीत फारशी खरी नाही. काही प्रमुख मार्गांची एकूण अंतरे अशी (सर्व आकडे सुमारे) :

थेट : १२,५३० किलोमीटर
लंडनमार्गे : १२,७५० किलोमीटर
फ्रँकफुर्टमार्गे : १२,७८० किलोमीटर
दिल्लीमार्गे : १२,९०० किलोमीटर
दुबईमार्गे : १२,९५० किलोमीटर

लंडनमार्गे जाण्याने केवळ सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे विमानाच्या वेगाने पंधरा मिनिटे वाढतात. दुबईमार्गेही अर्ध्या तासाहून कमीच. खरा वेळ जातो तो जमिनीवर. दुसऱ्या विमानाची प्रतीक्षा तीन तासांची असेल तर एकूण प्रवास वीस-एकवीस तासांचा होतो. प्रतीक्षा नऊ तासांची असेल तर तो सव्वीस-सत्तावीस तासांवर जातो. तेव्हा थांब्याचे शहर कोणते, यापेक्षा थांबा किती तासांचा, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

मात्र थांबा फारच आखूड असणेही बरे नाही. वयस्कर प्रवाशांनी दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवावेत आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर एका तिकिटावरील प्रवाशाची पुढची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळी तिकिटे असल्यास ती प्रवाशाची स्वतःची होते. काही देशांत नुसता थांबा घेण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्याची चौकशी आधी करावी. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांना एक वेगळी सोय आहे. तेथे २०१४ पासून अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग लागत नाही.

घड्याळाचे गणित

आता साडेपाच तासांचे कोडे. विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ त्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ दुसऱ्या शहराची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतली जातात. त्यामुळे उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री १.३० वाजता सुटले. सोळा तासांनी भारतात सायंकाळचे ५.३० वाजलेले असतील. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ७ वाजलेले दिसतील, तेही त्याच तारखेला. १.३० ते ७ हे अंतर साडेपाच तासांचे दिसते, पण शरीराने सोळा तासांचा प्रवास केलेला असतो. परतीच्या वेळी उलट घडते. न्यूयॉर्कहून सकाळी ११ ला निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईत उतरते, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२ वाजलेले असतात. तिकिटावर हे पंचवीस तास दिसतात.

रात्री १.३० च्या विमानाबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. १५ तारखेला रात्री १.३० चे विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास विमानतळावर हजर राहणे. या एका दिवसाच्या घोळाने विमान चुकलेले प्रवासी कमी नाहीत.

घर ते घर

विमानाचे सोळा तास हा पूर्ण प्रवास नव्हे. पुण्यातील कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मुंबई विमानतळापर्यंत रस्त्याने साडेतीन ते चार तास, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, सोळा तासांचे उड्डाण, न्यूयॉर्कला इमिग्रेशन आणि सामान यांसाठी दीड ते दोन तास, पुढे न्यू जर्सीतील घरापर्यंत एक ते दीड तास. ही बेरीज पंचवीस ते साडेसव्वीस तासांची होते, तीही थेट विमान आणि सारे वेळेवर असताना. नागपूर वा कोल्हापूरहून निघणाऱ्यांचे त्याहून अधिक.

ज्येष्ठांनी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. लांब रांगा आणि मोठी अंतरे यांत तिचा फार उपयोग होतो. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी उठून चालावे, पाणी भरपूर प्यावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे सामानाच्या बॅगेत न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत आणि ती कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

तातडीच्या वेळी

या साऱ्या आकडेमोडीची सर्वाधिक गरज भासते ती दुःखद प्रसंगी. घरातील वडीलधारी व्यक्ती अत्यवस्थ आहे किंवा गेली आहे, आणि मुलगा न्यू जर्सीत आहे. घरी जमलेले नातेवाईक विचारतात, 'तो केव्हा पोहोचेल? थांबायचे का?' अशा वेळी घाईत दिलेले 'चौदा-पंधरा तासांत' हे उत्तर पुढे सर्वांनाच जड जाते.

हिशेब असा करावा. फोन न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ३ वाजता आला, असे उदाहरणादाखल धरू. थेट विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ११ चे असेल तर आधी वीस तासांची वाट पाहणे आहे. त्यात उड्डाणाचे साडेचौदा तास मिळवले की मुंबईत उतरायला साडेचौतीस तास लागतात. त्याउलट त्याच रात्री ९ चे दुबईमार्गे विमान मिळाले, तर सहा तासांची प्रतीक्षा आणि मधल्या थांब्यासह सुमारे साडेअठरा तासांचा प्रवास मिळून साधारण साडेचोवीस तासांत मुंबई गाठता येते. अशा प्रसंगी 'थेट' विमान सर्वांत लवकर पोहोचवतेच असे नाही. सर्वांत आधी सुटणारे कोणते आणि सर्वांत आधी उतरणारे कोणते, हे दोन्ही विचारावे.

उतरल्यानंतर इमिग्रेशनसाठी तास-दीड तास आणि पुण्यापर्यंतचे साडेतीन-चार तास वेगळे धरावेत. घरच्यांना वेळ कळवताना केवळ भारतीय प्रमाणवेळेतच कळवावी आणि ती विमान उतरण्याची नव्हे, तर घरी पोहोचण्याची कळवावी. ती वेळ हाती असली, तर शवागाराची सोय करायची की विधी उरकून घ्यायचे, हा निर्णय कुटुंबाला शांतपणे घेता येतो.

अर्थात कागदपत्रे तयार नसतील तर हे गणितच गैरलागू ठरते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्यांनी ओसीआय कार्ड वा भारतीय व्हिसा, इतरांनी पासपोर्टची मुदत आणि अमेरिकेत परत प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे वेळच्या वेळी तपासून ठेवावीत. साडेबारा हजार किलोमीटर कापायला विमानाला अर्धा-पाऊण दिवस पुरतो; मुदत संपलेला पासपोर्ट नवा करून घ्यायला मात्र कित्येक दिवस लागू शकतात.